आजोळची थुंकी

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, काही जण तर नुसता रस्सा ओरपायलाही जातात. मी गेले ती थुंकी आणायला. हे नागपुरात ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे जरा मागे सरून माझ्याकडे पाहू लागले, म्हणून आधी खुलासा करून टाकते.

मी शाळेत भूगोल शिकवते. मध्यंतरी माझं फळ्यावरचं अक्षर बारीक होत गेलं. मागच्या बाकावरची मुलं ओरडायची, "बाई, मुंग्या दिसून राहिल्या!" मी त्यांनाच डोळे तपासायला सांगायची. मग उजव्या हाताचा अंगठा मला न विचारता हलायला लागला आणि तपासून घ्यायची गरज कुणाला होती ते कळलं. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स. पन्नाशीच्या आत झालाय, तेव्हा जनुकं तपासून घेऊ. तपासली. एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं आणि अहवालात त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'अर्थ अज्ञात'.

"अज्ञात म्हणजे?" मी विचारलं. मुलांनी उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

डॉक्टर समजावून सांगणारे आहेत. ते म्हणाले, या आजाराचे गुन्हेगार बदल प्रदेशाप्रदेशांत वेगळे असतात. एक बदल उत्तर आफ्रिकेत आणि ज्यू लोकांत पुष्कळ सापडतो, आपल्याकडे क्वचित. दुसरा चीन-जपानकडे सापडतो, युरोपात जवळजवळ नाही. आजवर तपासलेली माणसं बहुतेक युरोपी वंशाची, त्यामुळे तिथल्या बदलांची ओळख पटलेली आहे. आपल्या माणसांत नवं अक्षर दिसलं की ते चोर आहे की साधा वाटसरू, हे सांगायला पुरेशी माणसं यादीतच नाहीत. थोडक्यात, जगाच्या त्या नकाशावर आपला भाग बराचसा कोरा. भूगोलाच्या बाईला हे ऐकून किती अपमान वाटला असेल, बघा.

मग त्यांनी उपाय सांगितला. वडिलांच्यात तो बदल नव्हता, म्हणजे मला तो आईकडून आला. आईच्या माहेरच्यांत ज्यांना कंप आहे त्यांची लाळ आणा, आणि म्हातारे होऊनही जे ठणठणीत आहेत त्यांचीही आणा. आजाऱ्यांत बदल सापडला आणि ठणठणीतांत नाही, तर संशय पक्का. उलटं निघालं तर बिचारं अक्षर निर्दोष. आई तर आता नाही. शेवटी शेवटी तिचाही हात थरथरायचा आणि आम्ही ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं होतं. तिचं माहेर कुरुंदवाडचं.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी नागपूर सोडलं नसतं. गोळी घ्यायचीच आहे, कारण कळलं काय न कळलं काय. पण मधुरा आहे. माझी एकुलती एक लेक. निखिल नावाचा एक शहाणा मुलगा तिच्यासाठी कधीचा थांबलाय आणि ही त्याला सांगते, "आईचं काय ते कळू दे, मग तारीख काढू." बदल दोषी असेल तर तो मधुरात असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मी तिला माझं नाक दिलंय, माझा राग दिलाय. हेही दिलंय का, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी सप्तपाताळातूनही थुंकी आणली असती.

तेव्हा मी कुरुंदवाडला माझ्या मामेभावाला, सर्जेरावदादाला, फोन लावला. आमचे संबंध लग्नपत्रिकांपुरते उरलेले. फोनवर आजाराचं नाव काढायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "दादा, यायचं म्हणते. सोबत लेक आहे. घरातल्या सगळ्यांना एकदा बघायचंय, थोडं विचारायचंय. फोनवर सांगण्यासारखं नाही."

"या की!" दादा एवढ्या जोरात म्हणाला की मी फोन कानापासून लांब धरला. "कवाबी या. आमी काय परकं हाय व्हय?"

एवढा आनंद का झाला असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

कोल्हापूर

गाडीतला वेळ सोडून देते. नागपूर-कोल्हापूर म्हणजे अर्धा महाराष्ट्र झोपेत ओलांडणं. एक दिवस कोल्हापुरात मुक्काम केला, कारण प्रवासानंतर माझं शरीर ताळ्यावर यायला वेळ घेतं.

सकाळी मिसळ खाल्ली. आम्ही तर्रीपोहेवाले, तिखटाचा आम्हाला कसला धाक, अशा तोऱ्यात मधुरानं कट जास्त मागवला आणि नंतर बराच वेळ ती पाणी पीत होती. पण नागपूरचं तिखट येतं तेच अंगावर. इथलं आधी गोडीत घेतं आणि मग गाठतं. हॉटेलातल्या बाई आम्हाला म्हणाल्या, "बसा तुमी, मी आणतो." मधुरा माझ्याकडे बघायला लागली. मी तिला माझ्या आईची आठवण सांगितली. आईही राग आला की नागपुरातल्या नागपुरात एकदम 'मी जातो' म्हणायची. इथे सगळ्याच बायका तसं बोलतात हे मला माहीत होतं, तरी ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी उगाच आणखी एक पाव मागवला.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गेलो. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. मधुरानं दोन पेले संपवले. मी मात्र पेल्याकडे नुसतं बघत बसले, कारण माझ्या गोळीचं आणि दुधाचं वाकडं आहे. दूध, डाळ, मटण असलं काही पोटात असलं की गोळीला आत शिरायला रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून गोळी आधी, मग बराच वेळ उपाशी, मग जेवण. दूधवाल्यानं विचारलं, "का वं मावशी, म्हस आवडली न्हाय व्हय?" मी म्हटलं, म्हैस छान आहे, माझंच बिनसलंय. हात मी पर्सच्या पट्ट्यात गुंतवून ठेवला होता. परक्या लोकांत मी तो असाच ठेवते, म्हणजे हलला तर पर्स हलल्यासारखी वाटते.

कुरुंदवाडच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाईंची जीप केली. भाई साठीचे, गाडी सावकाश चालवणारे आणि बोलणं मात्र सुसाट. थंडीचे दिवस होते, उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड धूर जीपमध्ये भरला होता. हातकणंगले मागे पडलं. भाईंनी आमची सगळी माहिती काढून घेतली.

"आईचं म्हायेर म्हंजे तुमचं आजोळच की! मग मामाच्या पोराला का न्हाय दिली तुमाला?"

मी हसले. म्हटलं, आईनंच नको म्हटलं होतं. आमच्या नागपूरच्या घरात मामेभाऊ म्हणजे भाऊ, राखी बांधायची.

"हितं राखी बांदली तरी सोयरीक सुटत न्हाय," भाई म्हणाले. "आमच्यात चुलत्याची चालती, ह्यांच्यात मामाची चालती. माझीबी मामाचीच हाय. भांडली की माझ्या आईकडंच जाऊन बसती, मग मी कुणाकडं जाऊ?"

आमच्या डॉक्टरांनीही पहिलाच प्रश्न हा विचारला होता: आईवडील नात्यातले का? या आजाराचे काही प्रकार असे आहेत की सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं तरच उमटतात, आणि नात्यात लग्नं होत असली की तसं जुळून यायची शक्यता वाढते. म्हणून कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या माणसांनाही एकच मराठी ठोकळा समजून चालत नाही, असं ते म्हणाले होते. मी हे दस्तगीरभाईंना सांगितलं नाही. बायको भांडल्यावर जायला त्यांना आधीच जागा नव्हती.

दादाचं घर

दारात रांगोळी होती. मी मनात म्हटलं, वा, माहेरवाशिणीची लेक म्हणून केवढं कौतुक! सर्जादादा फेटा बांधून उभा. शालनवहिनी नवी साडी नेसलेल्या. त्यांचा मुलगा ऋतुराज, तिशीच्या आतबाहेरचा, दूध संकलनाचं काम बघणारा, पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टात असा उभा की जणू त्याचा फोटो काढायचाय. आणि खुर्चीवर आक्कामावशी. आईची थोरली बहीण, पंच्याऐंशीच्या घरातली, नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली. सारं गाव तिला आक्का म्हणतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "इंदीचं नाक." इंदी म्हणजे माझी आई. तिचे हात दगडासारखे स्थिर होते. मी ते आधी पाहिले आणि मग तिच्या पाया पडले, हे कबूल करते.

चहा झाला. लगेच पोहे. मग फराळाचं. मी गोळीची वेळ शोधत होते, पण इथे दोन खाण्यांच्या मध्ये फट म्हणून नाही. मधे एकदा पाण्याबरोबर गोळी गिळली आणि विषयाला हात घातला.

"दादा, घरात कुणाची काही आजारपणं?"

"आजारपण?" दादा जोरात हसला. "आमच्या घरात कुणाला शिंक येत न्हाय! ही आक्का बग. अजून म्हशीची धार काडती. दात बग तिचं. आक्का, दाव."

आक्कामावशीनं दात दाखवले नाहीत. ती दादाकडे बघत होती आणि तिच्या बघण्यात काही चांगलं नव्हतं.

"कुणाचा हात वगैरे हलतो का? थरथर?"

वहिनींच्या हातातलं ताट किंचित खाली आलं. दादा म्हणाला, "छ्या! कुणी सांगिटलं? गावात लोकं जळत्यात." आणि लगेच ऋतुराजकडे वळून, "ह्यो सकाळी पाचला उटून पळतोय. व्यसन न्हाय, काय न्हाय. सांग की रं!"

ऋतुराज म्हणाला, "व्हय," आणि मधुराकडे अशा भेदरलेल्या नजरेनं पाहिलं की तिला हसू आवरेना. आईनं एकदा म्हटलं होतं, आमच्याकडे तान्याचा हातही माझ्यासारखाच झालाय. तानाजी, दादाचा धाकटा भाऊ, माझ्याहून वर्षभरानं लहान. लहानपणी सुट्टीत तो मला खांद्यावर घेऊन नदीच्या घाटाकडे पळायचा आणि दोघंही पडायचो. मी विचारलं, "तानाजी कुठंय?"

"त्यो भायेर गेलाय. कामाला," दादा म्हणाला.

म्हणजे आईचं ऐकण्यात चूक झाली असावी. इतक्या लांब येऊन घरात कंपच नाही! ठणठणीत म्हातारी मिळाली, पण निम्माच पुरावा. मधुरानं माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले, आणि मला तिच्या त्या सहजपणाचाच त्रास झाला. ती घरी जाऊन निखिलला काय सांगणार होती? थांब अजून?

तेवढ्यात जेवायचं वाढलं. मटणाचं ताट, तांबडा, पांढरा, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, वर भाकरी. मला नको म्हणता येईना. "घ्या की वन्सं, पांढरा तर घ्या! एवढ्या लांबनं आलाय," असं म्हणत वहिनी वाटी रिकामी होऊ देत नव्हत्या, आणि पांढरा रस्सा खरोखर इतका गोड होता की मीही होऊ देत नव्हते. गोळी पोटात कुठेतरी मटणाच्या मागे रांगेत उभी होती.

व्हायचं ते झालं. आधी पायाचा अंगठा वळला. मग वाटी हातात वाजायला लागली. खाली ठेवायला गेले तर हात ऐकेना, आणि पांढरा रस्सा सगळा ऋतुराजच्या शर्टावर गेला. बरं तर बरं, तांबडा नव्हता. मी हात मांडीखाली घालायला गेले, तो तिथेही हलत राहिला. इतक्या वर्षांत मी असा उघडा पडू दिला नव्हता तो हात, आणि लाजेनं मला ताटावरून उठावंसं वाटलं.

शालनवहिनी खाली बसल्या आणि त्यांनी माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत धरला. मसाल्याचा वास येत होता त्यांच्या हातांना.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचंबी हालतंय?"

मी वर पाहिलं. 'तुमचंबी' म्हणजे आणखी कुणाचं, हे विचारायच्या आतच मागून आक्कामावशीचा आवाज आला.

"सर्ज्या, पुरं झालं. तान्याला आण."

मग सगळं बाहेर आलं. दादानं फेटा काढून मांडीवर ठेवला. माझा फोन आला तेव्हा घरात एकच अर्थ लागला होता. लेकीला घेऊन येतो, सगळ्यांना बघायचंय, विचारायचंय, फोनवर सांगण्यासारखं नाही. दुसरं काय असणार? इंदूआत्याची नात मामाच्या घरात येणार! आणि मी आल्या आल्या आजारपणं विचारली, तेव्हा तर खात्रीच पटली. मुलीकडचे तेच विचारतात.

"एक सोयरीक मोडलती, वन्सं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "पावणं आलतं, तानाजीभावजी चहा घिऊन आलं. कप हालला. पावण्यांनी चहा पिला न्हाय, तसंच उटलं. तवापासनं कुणी यायचं म्हटलं की भावजी सोताच पिशवी भरत्यात आन मळ्यात जात्यात. आमी सांगत न्हाय. शप्पत, आमी कदी जा म्हटलं न्हाय."

"थांबबी म्हटलं न्हाईस," आक्कामावशी म्हणाली.

मधुरानं तेवढ्यात सांगून टाकलं की तिचं नागपुरात जमलंय. ऋतुराजनं एवढा मोठा श्वास सोडला की त्याचंही कुठंतरी जमलेलं असावं. मग मी खरं ते सांगितलं. एका अक्षराचं, कोऱ्या नकाशाचं, मधुराचं, पिशवीतल्या थुंकीच्या नळ्यांचं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन थुकी कशाला पायजे?"

मळा

दस्तगीरभाईंची जीप थांबलेली होतीच. दादाला त्यांनी विचारलं, "लांब हाय व्हय मळा?" दादा म्हणाला, "न्हाय वं, जवळच." जवळ होता. तानाजीला तिथून घरातलं बोलणं ऐकू येत नव्हतं, एवढंच.

उसाच्या कडेला दोन खोल्या. समोर शेणानं सारवलेलं अंगण. तानाजी दारात उभा होता. केस पांढरे, खांदे थोडे पुढे आलेले. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा तसाच राहिला. आमच्या आजारात चेहरा उशिरा हसतो. बाकीच्यांना वाटतं माणूस रागावलाय किंवा त्याला ओळख पटलेली नाही. मला माहीत होतं, म्हणून मी वाट बघत थांबले. हसू आलं. आधी डोळ्यांत, मग सावकाश तोंडाकडे.

"विजूताई," तो म्हणाला.

त्याला पुढे यायचं होतं, पण पाय उचलेना. मला तो क्षण नेमका ठाऊक आहे. मनात तुम्ही चार पावलं चाललेले असता आणि तळवे जमिनीला चिकटलेले असतात. मी पुढे व्हायला निघाले तर त्यानं हातानं थांबवलं. तेव्हा माझं लक्ष गेलं: दारापासून हौदापर्यंत अंगणात उसाची कांडकी आडवी टाकलेली होती, पावलाच्या अंतरानं. त्यानं पहिल्या कांडक्याकडे बघितलं, पाय उचलला, ओलांडलं. मग पुढचं. मग तो माझ्यापर्यंत व्यवस्थित चालत आला.

"सपाटीवर अडतंय," तो म्हणाला. "आडवं काय दिसलं की पाय उचालतोय. उसाच्या सऱ्यांत तर पळतोय मी."

आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. त्याचा डावा हात हलत होता, माझा उजवा. मधुरानं आमच्याकडे बघितलं आणि ती लगबगीनं उसाकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत होती हे मला पाठमोरंही दिसलं.

"म्हंजे तुला-मला एकच हाय?" मी सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं.

"बहुतेक. आईला होतं, तुला आहे, मला आहे. एकच असावं."

"मला वाटलं हुतं, हे मलाच हाय. सगळ्या खानदानात मलाच." आणि परत ते उशिराचं हसू आलं. "बरं वाटलं बग ताई. वाईट हाय म्हण, पर बरं वाटलं."

मलाही वाटलं. हे लिहिताना ते विचित्र दिसतं, पण नागपुरात माझ्यावर माया करणारी पुष्कळ माणसं आहेत आणि त्यांतल्या कुणाचाच हात हलत नाही.

संध्याकाळी तानाजीला घेऊन घरी आलो. थुंकीचा कार्यक्रम सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर झाला आणि तो गावाला बघण्यासारखा होता. नळीत खुणेपर्यंत थुंकायचं, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-मशेरी लावायची नाही. आमच्या आजारात गिळणं मंदावतं आणि लाळ तोंडात साठत राहते. तानाजीला मी नळी दिली तेव्हा तो म्हणाला, "थुका मागतीस व्हय? आमच्याकडं त्येवढंच जादा हाय," आणि दादा इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या विनोदावर मोठ्यानं हसला, असं वहिनी मागाहून म्हणाल्या. आक्कामावशीचा मात्र अर्धा तास काही केल्या संपेना. तिला दिवसभर मशेरी लागते. "नागपूरनं आलीस ती माझी मशेरी सोडवायला?" ती परत परत विचारत होती. तंबाखूवाल्यांत हा आजार थोडा कमी दिसतो असंही डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पण तंबाखूची बाकीची दुखणी मोठी, म्हणून मी ते गुपित ठेवलं. शेवटी तिनं नळी भरली, झाकण घट्ट लावलं आणि उजेडात धरून बघितली. "ह्यात माझी इंदी हाय?" तिनं विचारलं.

"थोडी आहे," मी म्हटलं.

ती नळी तिनं माझ्या हातात लगेच दिली नाही.

रात्रीच्या जेवणाला तानाजी पंगतीत माझ्या शेजारी बसला. आमच्या वाट्या वाजत होत्या. वहिनींनी दोघांनाही खोलगट भांड्यांत भाकरी कुस्करून दिली आणि स्वतःही तशीच घेतली. सकाळी निघताना त्यांनी बासुंदी आणि कांदा-लसणाचा मसाला एवढा बांधून दिला की थुंकीच्या पेटीला पिशवीत जागा उरली नाही, ती मधुरानं मांडीवर घेतली.

परत नागपूर

अहवाल यायला वेळ लागला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. तो बदल आक्कामावशीत आहे. म्हशीची धार काढणाऱ्या, दगडासारख्या हातांच्या आक्कामावशीत. आणि तानाजीत नाही.

"म्हणजे ते अक्षर निर्दोष?" मी विचारलं.

"तसंच दिसतं. आता यादीत त्याच्यापुढे तसं लिहिता येईल. तुमच्या भागातल्या दुसऱ्या कुणात ते सापडलं तर त्यांना तुमच्यासारखं घाबरून फिरावं लागणार नाही."

कोऱ्या नकाशावर कुरुंदवाडचा एक ठिपका पडला. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एवढं भूगोलाचं काम केलं नव्हतं. मग तानाजीला आणि मला हे कशानं झालं, तर त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही. दुसरं एखादं अक्षर असेल, पाण्या-मातीतलं काही असेल, दोघांचं वेगवेगळंही असेल. मधुरासाठी आज तरी वेगळं घाबरायचं कारण नाही, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर मधुरानं निखिलला फोन लावला आणि बोलता बोलता ती रस्त्याच्या कडेला चक्क खाली बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

घरी येऊन तानाजीला फोन केला, स्पीकर लावून. आनंदाची बातमी म्हणूनच केला. तो सगळं ऐकून घेत होता.

"म्हंजे तुझ्यात हाय ते माझ्यात न्हाय," तो म्हणाला.

"नाही."

"म्हंजे माझं येगळं." मग म्हणाला, "पोरीचं बरं झालं. लई बरं झालं. पर मला वाटलं हुतं ताई, तुझं-माझं एक हाय. तेवढ्यावर मी मळ्यातनं घरात आलतो."

लेकीला सोडवण्याच्या भरात मी त्याला परत एकटा पाडला होता आणि वर पेढे द्यावेत तशी बातमी दिली होती. मधुरा शेजारी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"तानामामा, मधुरा बोलतेय. आईला सख्खा भाऊ नाही, म्हणजे मला मामा नाही. हाताला धरून मांडवात न्यायला मामा लागतो. तुम्ही यायचं."

पलीकडे तो चेहऱ्यावर हसू येण्याची वाट बघत असेल, किंवा रडू येण्याची.

"सर्जादादाला सांग की," तो शेवटी म्हणाला. "माझा हात हालतोय, पोरी. भरल्या मांडवात, सगळ्या पावण्यांम्होरं..."

"हलू दे ना, मामा," मधुरा म्हणाली. "तेव्हा माझाही हलत असेल."